दोन आडनावांच्या मधला कागद

महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची हौस जुनी आहे. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी वर्गणी काढून आपापले कुलवृत्तांत छापले. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, वतन कशाचे होते, शाखा कशा फुटल्या, कोण कोठे नोकरीला लागला, हे सारे त्यांत असते. ते जमवणाऱ्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केलेली असते. या ग्रंथांविषयी मला आदर आहे. पण ते उघडले की एक गोष्ट पानोपानी दिसते. मुलगी जन्मते, तिचे नाव येते, पुढे सासरचे नाव, आडनाव आणि गाव येते, आणि तेथे तिची नोंद संपते. तिची मुले दुसऱ्या कुळाच्या ग्रंथात गेलेली असतात. सून येते ती माहेरच्या आडनावासह. तिच्या आईचे नाव बहुधा कोठेच नसते. अशा इतिहासातून दर पिढीला निम्मे नातेवाईक गळत जातात.

ती गळलेली माणसे सापडतात आई आणि सासरी गेलेली लेक यांच्या पत्रांत. घरातला बाकीचा कागद, म्हणजे खरेदीखत, वाटणीपत्र, जमाखर्चाच्या वह्या, एकाच आडनावाच्या आत राहतो. व्याह्याव्याह्यांची पत्रे असतात, पण ती देण्याघेण्यापुरती आणि मानपानापुरती. आई-लेकीचे पत्र मात्र एका आडनावातून निघून दुसऱ्यात पोचते, त्याचे उत्तर उलट वाटेने येते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. कोणत्या आजीला कोणता आजार होता, कोणते मूल जाऊन मग कोणते झाले, मावशीचे लग्न का मोडले, धाकट्या काकांनी घर का सोडले, या गोष्टी कुलवृत्तांतात येत नाहीत, पत्रांत येतात. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाई. कल्याणच्या यमुनेची आनंदी झाली आणि डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ती जगाला माहीत झाली. सासरच्या कागदांत नवे नाव चालू झाल्यावरही आई मात्र लेकीला जुन्याच नावाने लिहीत राहिलेली दिसते. कित्येक बायकांचे मूळ नाव आज तेवढ्या एका मायन्यातच उरले आहे.

हा संग्रह या पत्रांविषयी आहे. वाचकाच्या हाती ती देण्याआधी त्यांच्यामागचा विस्तार थोडा मांडायला हवा.

पत्राच्या आधी ओवी होती. जात्यावर बसलेली बाई आईला निरोप धाडी, माहेरच्या वाटेकडे पाही, भावाला बोलावी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आई-लेकीच्या नात्याचा एवढा मोठा साठा दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. पण ओवी सगळ्यांची असते. तिच्यात आई भेटते. अमुक गावची, अमुक साली तापाने आजारी असलेली आई भेटत नाही. ती भेटायला अक्षर लागते, टपाल लागते.

टपाल आधी आले, अक्षर फार उशिरा. १८५४ साली हिंदुस्थानभर एकच दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरीब घरालाही पत्र परवडू लागले. पण लिहिणार कोण? भिडेवाड्यात फुल्यांची शाळा १८४८ ची, हुजूरपागा १८८४ ची, कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. आणि १९५१ च्या जनगणनेतही भारतात अक्षरओळख असलेल्या बायका शंभरात नऊसुद्धा नव्हत्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या आई-लेकीच्या पत्रांत सहसा तिसरा माणूस असतो. आई सांगते आणि धाकटा दीर लिहितो, मास्तर लिहितात, शेजारचा इंग्रजी चौथीतला मुलगा लिहितो. तिकडे लेकीला ते सासरे वाचून दाखवतात. पोस्टकार्ड तर उघडेच. पोस्टमनपासून दिवाणखान्यातल्या पाहुण्यापर्यंत सर्वांनी वाचावे असे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांच्या घरी मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन बोटे जागेत सगळा संसार लिहिलेला असे, आणि त्यातच एक ओळ लेकीसाठी असे.

हे एकदा ध्यानात घेतले की पत्र वाचण्याची रीतच बदलते. 'सर्व खुशाल आहेत' या तीन शब्दांवर विश्वास किती ठेवायचा, ते कोणाच्या देखत लिहिले यावर ठरते. लेकीच्या पत्रात माहेरी येण्याचा विषय अचानक बंद झाला, तर ती सुखात आहे असाही अर्थ निघतो आणि तिला लिहू देत नाहीत असाही. मजकूर दिरांच्या हातचा आणि शेवटी कोपऱ्यात वेड्यावाकड्या अक्षरांत एकच ओळ, ती बाईची स्वतःची. अशी पत्रे पाहिली की मला ती एक ओळ आधी वाचावीशी वाटते. मग हळूहळू अख्खे पत्र बाईच्या हातचे होते. १९५० साली आंतर्देशीय पत्र आले. त्याची घडी चिकटवता येई, आणि आई-लेकीला प्रथमच स्वस्तात थोडा आडोसा मिळाला. १९५० नंतरच्या पत्रांतला मोकळेपणा शिक्षणाने आला असे आपण म्हणतो. त्यात त्या निळ्या कागदाच्या डिंकाचा वाटा किती, हेही पाहायला हवे.

आता अभ्यासाकडे वळू. मराठी माणसाला जुनी पत्रे जमवण्याचे वेड लावले ते इतिहाससंशोधक राजवाड्यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. १९३० पासूनच्या काही वर्षांत सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. अस्सल कागदापुढे कोणाचीही भीड धरायची नाही, ही शिस्त या मंडळींनी घालून दिली आणि ती आजही आपल्याला पुरते. मात्र त्यांची नजर राज्यावर होती. बाईचे पत्र त्यांनी घेतले ते ती पेशव्यांच्या किंवा सरदारांच्या घरातली असेल तर, आणि त्यातही मसलतीचा मजकूर असेल तर. लोणच्याची बरणी पाठवल्याचे पत्र रुमालात बांधलेले राहिले.

दुसरी वाट चरित्रकारांची. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पत्रांसह प्रसिद्ध केले. एका बाईने दुसऱ्या बाईच्या पत्रांवरून तिचे आयुष्य रचण्याचा मराठीतला हा फार मोलाचा प्रयत्न आहे. आनंदीबाईंना अमेरिकेत आधार देणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंना त्या मावशी मानत. नात्याची पोकळी पत्राने कशी भरून निघते ते त्यात दिसते. पुढे अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी हीच पत्रे नव्या प्रश्नांनिशी वाचली.

तिसरी वाट १९७५ च्या आसपास उघडली. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी सुरू केलेले स्त्री-अभ्यासाचे केंद्र, अभ्यासक मालशांनी ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'चे केलेले पुनर्मुद्रण, पुढे १९८८ साली मुंबईत उभा राहिलेला 'स्पॅरो' हा स्त्रियांचा संग्रह. पेटीतला कागद हा पुरावा आहे आणि बाईचे घरगुती बोलणे ही इतिहासाची सामग्री आहे, हे येथे प्रथम ठामपणे म्हटले गेले. युरोप-अमेरिकेत याची एक सुरुवात १९१८ सालीच झाली होती. थॉमस आणि झनानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांची घरची पत्रे घेऊन स्थलांतराचा मोठा ग्रंथ लिहिला. साध्या माणसांच्या खुशालीच्या पत्रांवर शास्त्र उभे राहते, हे त्याने दाखवले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलींची आणि त्यांच्या आयांची हवाई पत्रे तशा नजरेने अजून फारशी कोणी वाचलेली नाहीत. त्या पत्रांत डोहाळे दहा हजार मैलांवरून पुरवले आहेत आणि बाळंतपणाच्या सूचना वजनमापासह लिहिल्या आहेत.

आई आणि लेक यांच्या पत्रव्यवहाराचा जगातला सर्वांत प्रसिद्ध नमुना फ्रान्सचा. मादाम द सेव्हिन्ये हिची एकुलती एक मुलगी १६७१ साली नवऱ्याकडे दूर प्रोव्हान्सला गेली. आईने पुढची पंचवीस वर्षे, १६९६ मध्ये मरेपर्यंत, ताटातुटीच्या काळात तिला जवळजवळ प्रत्येक टपालाने लिहिले. ही पत्रे आज फ्रेंच गद्याचे शिखर मानतात. पण घराच्या इतिहासाच्या दृष्टीने मला त्यांची पुढची कथा अधिक महत्त्वाची वाटते. सेव्हिन्येच्या नातीने पत्रे छापायची ठरवली तेव्हा संपादकाकडून ती सभ्य करवून घेतली. माणसे दुखावतील असा मजकूर काढला, भाषा घासूनपुसून घेतली. लेकीने आईला लिहिलेली पत्रे तर जाळून टाकली गेली. आईची मूळ पत्रेही बरीचशी गेली. पुढे १८७३ साली दिजों शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एका प्राध्यापकाला जुनी हस्तलिखित नक्कल सापडली, आणि छापील पत्रांतून काय काय गाळले होते ते कळले. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला हा संवाद आपल्याला एकाच बाजूने ऐकू येतो. लेक काय म्हणाली ते आईच्या उत्तरांवरून ताडायचे.

आपल्याकडेही बहुधा असेच एकतर्फी होते. लेकीची पत्रे माहेरी येतात. आई गेली की माहेर भावाचे होते, घर आवरले जाते, भिंतीवर तारेला टोचलेली पोस्टकार्डे बंबात जातात. आईची पत्रे लेकीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत राहिली तर राहतात. दोन्ही बाजू एकत्र सापडणे हे भाग्य. म्हणून पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मनोरमा १८८१ ची. वर्षभराची होण्याआधीच तिचे वडील गेले. रमाबाई तिला घेऊन १८८३ मध्ये इंग्लंडला, वाँटेजच्या जोगिणींकडे गेल्या, मग १८८६ मध्ये अमेरिकेला. पुढे रमाबाई व्याख्याने देत फिरत राहिल्या आणि लहानगी मनो वाँटेजला परत पाठवली गेली. त्या काळात आईने तिला पत्रे लिहिली, ती इंग्रजीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार जपून एकत्र केला, त्यात ही पत्रेही राहिली. अ. भि. शहांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथ छापला. धर्म, शिक्षण, स्वातंत्र्य यांवर मोठ्यांशी कडाडून वाद घालणारी ही बाई त्याच दिवसांत मुलीला काय लिहीत होती, हे शेजारी ठेवून वाचावे. रमाबाईंच्या चरित्रात मनोरमा सहसा एका परिच्छेदात येते. पत्रांत ती आईच्या प्रत्येक निर्णयाच्या मध्ये उभी आहे: तिने कोठे राहायचे, कोणता धर्म शिकायचा, कोणाला भेटायचे. मनोरमा मोठी होऊन आईच्या संस्थेचा आधारस्तंभ झाली आणि १९२१ साली गेली; रमाबाई तिच्यामागोमाग १९२२ च्या एप्रिलमध्ये. हा संवाद टिकला तो मठातल्या एका बाईने कागद जपल्यामुळे. सासरी-माहेरी विखुरलेल्या बहुतेक मायलेकींना असा मठ नसतो.

संपादनाबाबत अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, पत्र जसे आहे तसे छापा: ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, बोलीतले शब्द, अर्धवट वाक्ये, सगळे. दुसरा म्हणतो, वाचकाला वाचता आले पाहिजे आणि घरच्यांची अब्रूही राहिली पाहिजे. कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या आईने मुलीची पत्रे १९७५ साली छापली तेव्हा पुष्कळ काटछाट केली होती. पूर्ण पत्रे २०१७ आणि २०१८ मध्ये दोन खंडांत आली, आणि त्याच मुलीचे वेगळेच रूप दिसले. मी पहिल्या तटाची आहे. 'आलीस' ला 'आल्यीस' लिहिणारी आई शुद्धलेखनात बसवली की तिचे गावच नाहीसे होते. मजकूर गाळावा लागला तर गाळला आहे असे सांगून गाळावा. वाक्य बदलू मात्र नये.

या विषयात नव्याने येणाऱ्याला पहिली अडचण येते ती तारखेची. जुन्या पत्रावर 'फाल्गुन वद्य ३, गुरुवार' एवढेच असते, सालाचा पत्ता नसतो. तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीत पाहिला की चार-सहा शक्य साले हाती लागतात. मग पोस्टाचा शिक्का, तिकिटावर कोणता राजा आहे, दर काय, हे पाहायचे. दर आण्यांत असेल तर पत्र बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचे. पाच पैशांचे निर्वासित मदतीचे जादा तिकीट असेल तर १९७१ च्या अखेरचे किंवा त्यानंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचे. मजकूरही साल सांगतो. रेशनवर तांबडा मिलो मिळाल्याची तक्रार म्हणजे बाहत्तरचा दुष्काळ. रात्री भांडी पडली आणि सगळे अंगणात झोपले म्हणजे १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप. आणि मायना तर फार बोलतो. 'ती. सौ. आईस' अशी सुरू होणारी पत्रे एका टप्प्यावर 'गं. भा.' होतात, तेव्हा मधल्या काळात वडील गेले हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. काही लेकींच्या हाताला ती दोन अक्षरे लिहवत नाहीत आणि त्या नुसते 'ती. आई' लिहू लागतात. असा बदल दिसला की मी त्याच्या आधीची आणि नंतरची पत्रे पुन्हा शेजारी ठेवते.

दुसरी अडचण जतनाची. यावर पुस्तकात स्वतंत्र मजकूर आहे, तरी दोन-तीन गोष्टी येथेच सांगते, कारण तेवढ्यात नुकसान होऊन जाते. जुने पत्र प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये. ते परत कधी सुटे होत नाही. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नये. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात, त्या आधी काढाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याचा आम्ल कागद शेजारच्या कागदाला पिवळा करतो. धुतलेल्या सुती कापडात बांधावे, कोरड्या जागी ठेवावे आणि पावसाळा संपला की उघडून पाहावे. लिफाफा फेकू नये, शिक्का त्याच्यावरच असतो. फोटो किंवा स्कॅन काढताना मागची कोरी बाजूही घ्यावी. ती बहुधा कोरी नसते, तिच्यावर धोब्याचा हिशेब किंवा कोणाचा पत्ता असतो. आणि पत्रांचा क्रम मोडू नये. बाईने गठ्ठा ज्या क्रमाने बांधला तोही तिचाच मजकूर आहे.

हे काम आत्ताच का, याची कारणे घराघरांत उभी आहेत. आंतर्देशीय पत्रांवर वाढलेल्या लेकी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पत्रातला 'बंडू' कोण आणि 'तो विषय' कोणता, हे सांगू शकणारी त्या शेवटचीच माणसे आहेत. वाड्यांचे आणि जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकास चालू आहेत. घर खाली करायला महिना मिळतो आणि रद्दीवाला दाराशी येतो. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेकाठच्या पुण्यातल्या घरांचे कागद एका दिवसात गेले. आज ते पाण्यावाचून जात आहेत. शिवाय नातवंडांना आजीचे धावते अक्षर लागत नाही, आणि पणजीच्या काळची मोडी तर घरात कोणालाच येत नाही. १९८० नंतर कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले आणि आई-लेकी बोलू लागल्या. ते त्यांच्यासाठी फार चांगले झाले. आठवडाभर वाट पाहणे संपले. पण त्या बोलण्याची नोंद कोठे नाही. म्हणजे मराठी घरांत आई आणि लेक दोघींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पत्रे असण्याचा काळ जेमतेम दोन-तीन पिढ्यांचा. तेवढाच साठा आहे.

या साठ्याची एक मर्यादा उघड सांगितली पाहिजे. तो मुख्यतः शिकलेल्या जातींचा आणि नोकरदार वर्गाचा आहे. दलित लेखिका बेबी कांबळे किंवा शांताबाई कांबळे यांनी आत्मकथने लिहिली तेव्हा त्यांच्या हाताशी आईच्या पत्रांचा गठ्ठा असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या घरांत पत्रे नाहीत तेथे इतिहास नाही असे नव्हे. तेथे ओव्या आहेत, मनीऑर्डरची कुपने आहेत, शाळेचे दाखले आहेत, आणि बसून ऐकायला आजी आहे. म्हणून या संग्रहात पत्रांच्या जोडीला सांगून लिहून घेतलेल्या आठवणीही घेतल्या आहेत, आणि त्यांना पत्रांच्या खालची जागा दिलेली नाही.

पुस्तक काय करू पाहते ते यावरून कळेल. निरनिराळ्या घरांतल्या मायलेकींची पत्रे येथे शक्य तेथे जोडीने, म्हणजे पत्र आणि उत्तर, अशी लावली आहेत. प्रत्येक जोडीमागे वंशावळ दिली आहे, पण ती आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून नातीकडे जाणारी. आडनावे दर पिढीला बदलतात. वाचकाला सुरुवातीला ते अवघड जाईल, मग सवय होईल. टिपांत शब्दांचे अर्थ, वस्तूंचे भाव आणि तारखा ठरवण्याची कारणे आहेत. पत्रांचे रसग्रहण मी केलेले नाही. ते करण्याचा मोह झाला, पण या बायकांनी एकमेकींना लिहिले होते, आपल्याला नव्हे.

म्हणूनच परवानगीचा प्रश्न सोपा नव्हता. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण शब्द लिहिणाराचे. ते हक्क त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे जातात. आई-लेकीच्या पत्रांत हे वारस दोन घरांत असतात, म्हणून दोन्ही घरांना विचारले. 'वाचून फाडून टाक' असे ज्या पत्रांच्या शेवटी लिहिले आहे, ती घेतलेली नाहीत, मग त्यांत कितीही मोलाचा मजकूर असो. लेकीने ते फाडले नाही हा तिचा निर्णय होता. त्यावरून छापण्याची मुभा मिळाली असे मी मानत नाही. हयात व्यक्तींची नावे आणि गावे बदलली आहेत, तारखा आणि वाक्ये बदललेली नाहीत. मूळ पत्रे त्या त्या घरी परत गेली आहेत. ज्या घरांना ती सांभाळणे शक्य नसेल, त्यांनी ती कोठे द्यायची ते लेकींना आणि नातींना विचारून ठरवावे, एवढी विनंती प्रत्येक घराला केली आहे.